दोन अभ्रे

आमच्या लॉन्ड्रीत कोणासाठी वर्गणी काढायची झाली की उशीचा अभ्रा फिरवतात. हात आत घालायचा, असेल ते सोडायचं, हात बाहेर. कोणी किती टाकले ते दिसत नाही. त्याने गरिबाची लाज राहते म्हणे. माझ्या मते कंजुषाचीही राहते. वीस वर्षं मी इथे हॉस्पिटलच्या चादरी धुतेय, माणसांची घाण मला कोणी शिकवू नये.

या खेपेला अभ्रा इस्त्रीवालीच्या पोरीसाठी होता. पोर चार वर्षांची, जन्मापासून बहिरी. कानात यंत्र बसवायचं तर आत्ताच, नाहीतर पुढे बोलणं येणं कठीण, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. बराचसा खर्च हॉस्पिटल सोसणार होतं. उरलेला महिनाअखेरपर्यंत तिने भरायचा, नाही भरला तर नंबर दुसऱ्याला.

जेवणाच्या सुट्टीत मी अभ्रा झटकला, तोच आमचा हिशेबनीस उठला. पगार सांगतानाही टिंबापुढचे आकडे वाचतो म्हणून आम्ही त्याला दशांश म्हणतो. मनाने मात्र सरळ.

"राग मानू नका," तो म्हणाला, "पण जेवढ्या पैशांत या एकीला ऐकू येईल, तेवढ्याच पैशांत तिकडे लांब साठ पोरांचे डोळे वाचतात. मी सगळं तपासलंय. ती आपल्याला दिसत नाहीत, एवढाच त्यांचा गुन्हा."

तो खोटं बोलत नव्हता. कोपऱ्यात इस्त्रीवाली हातातला घास तसाच धरून ऐकत होती.

बाकीच्यांचे चेहरे मात्र सुट्टी जाहीर झाल्यासारखे खुलले.

"बरोबर आहे," घडीवाला म्हणाला. "भावनेच्या भरात किती दिवस द्यायचं? डोकं नको वापरायला?"

"साठ म्हणजे साठ! चेष्टा आहे का?" मुकादम म्हणाला. हा माणूस सख्ख्या भावाला सायकल देत नाही.

दशांश हरखला. धावत जाऊन त्याने निळा अभ्रा आणला. पांढरा पोरीचा, निळा साठ जणांचा, ज्याला जे पटेल त्यात टाका.

पांढऱ्यात एकही हात गेला नाही. निळ्यात सगळ्यांचे गेले, पार कोपरापर्यंत. माझाही गेला. सगळ्यांच्या देखत बिनडोक ठरायला नको, म्हणून. आणि आत गेल्यावर वाटलं, आता कोण बघतंय? नोट मुठीतल्या मुठीत परत बाहेर आली.

सुट्टी संपल्यावर दशांशने आणि मी कोठीत निळा अभ्रा उपडा केला. त्याचं स्वतःचं पाकीट पडलं, त्यात महिन्याचा अख्खा पगार. मागून दोन नाणी आणि शर्टाचं एक बटण. त्याने अभ्रा उलटा करून शिवणीसुद्धा चाचपल्या.

"सगळ्यांना पटलं होतं," तो म्हणाला.

"पटलं म्हणूनच सुटले, बाबा. पोरीला नाही म्हणायला तोंड नव्हतं. ते तू दिलंस."

"तुम्ही किती टाकले?"

मी अभ्र्याची घडी घालायला लागले. रक्तापुवाच्या चादरी मी उघड्या हातांनी उचलते, पण ते बटण चिमटीत धरून लांब ठेवलं. कोणीतरी विचार करून टाकलं होतं ते, नाण्यासारखं वाजावं म्हणून. निदान त्याने काहीतरी टाकलं तरी होतं. त्याच संध्याकाळी दशांशने आपलं पाकीट तिकडे पाठवून दिलं. बोलल्यासारखा वागला तो एकटाच.

महिना संपला, पोरीचा नंबर गेला. मी इस्त्रीच्या टेबलाकडे फिरकेना. शेवटी तीच कपड्यांचा गठ्ठा घेऊन माझ्यापाशी आली. डोळे सुजलेले, पण आवाजात राग नव्हता.

"ताई, दशांशभाऊ बोलले ते मी रात्रंदिवस मनात घोळवलं," ती म्हणाली. "माझी एक, तिकडे साठ. खरंच आहे ना? त्या पोरांपुरते तरी जमले ना?"

"हो," मी म्हटलं. "भरपूर जमले."