बस सुटल्यापासून नऊ चंद्र

"पुन्हा मोज," न्याचिर्वा म्हणाली, आणि सुनेने तोंड उघडायच्या आत स्वतःच बोटं दुमडायला लागली. पहिला हात संपला. दुसऱ्या हाताच्या चौथ्या बोटाशी येऊन ती थांबली. "नववा. तोही उतरतीला लागलाय. पहाटे बघितलास ना? नखाएवढा उरलाय."

"बघितला, आई," तिवोंगे म्हणाली. चंद्र ती रोजच बघत होती, फक्त सासूसमोर बघत नव्हती.

इस्पितळाच्या आवारात, लांबून आलेल्या गरोदर बायकांसाठी एक शेड होती. बाई आत चटईवर पडून वाट बघायची आणि तिच्यासोबत आलेली आई, बहीण किंवा सासू बाहेर तीन दगडांच्या चुलीवर तिच्यासाठी मक्याच्या पिठाची सिमा थापायची. न्याचिर्वा म्हणजे चिर्वांची लेक. चाळीसेक वर्षं जेऱ्यांच्या घरात काढूनही तिचं नाव तेच राहिलं होतं, आणि त्याच रीतीने तिची सून तिवोंगे ही कुम्वेंदांची, म्हणून न्याकुम्वेंदा. या मुलखात बाईला नाव बापाच्या घरचं असतं, पोरं नवऱ्याच्या घरची असतात, आणि चूक तेवढी तिची स्वतःची असते.

म्झिंबाकडच्या गावांत गर्भ राहतो तो बसच्या हिशेबाने. पुरुष जोनीला, म्हणजे जोहान्सबर्गला, कामाला. नाताळाला येतात, घराचं छप्पर बघतात, बापाच्या थडग्यावर उभे राहतात, बायकोला नवं लुगडं देतात आणि जानेवारीत बसने परत जातात. बस डेपोतून वळली की गावातल्या बायकांची मोजणी सुरू होते. ऑक्टोबरात निम्मा मुलूख एकदम बाळंत होतो. त्यातून एखादी मागे राहिली तर तिला कुणी वाईट बोलत नाही. फक्त मोजतात. नऊ चंद्र म्हणजे नऊ. वरचे नऊ दिवस सोडायची इथे कुणाची तयारी नसते.

तिवोंगे त्याच डेपोत मंदासी तळून विकायची. मैद्याचे गोड गोळे, गरम असताना बरे लागतात. कोणाचा नवरा कुठल्या बसने गेला हे तिला तोंडपाठ होतं, आणि कढईमागे बसून तिनेही दुसऱ्यांचे चंद्र मोजले होते. तेव्हा ही मोजणी अन्यायाची आहे असं तिला कधी वाटलं नव्हतं. हिशेब चोख असतो असंच वाटायचं.

वायसन तिचा नवरा. त्याच्या बसलाही तिने मंदासी बांधून दिल्या होत्या. त्यानंतर तिच्या चटईवर मांजरसुद्धा झोपलं नव्हतं. पण हे मांजराशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि जेऱ्यांनी लग्नात तिच्यासाठी तिच्या बापाला गाई दिल्या होत्या. दुसऱ्याचं मूल पोटात वाढवणारी बाई माहेरी जाते, मागोमाग गाई परत येतात, आणि आधीची पोरं नवऱ्याच्या घरी राहतात. तिची लेक लुसुंगू सहा वर्षांची होती. अजून आईच्या कुशीत हात घातल्याशिवाय तिला झोप लागत नव्हती.

म्हणून तिवोंगे सकाळी तपासणीला गेली तेव्हा टेबलावर चढायच्या आधीच म्हणाली, "डॉक्टर, मला आज मोकळं करा."

म्हांगो मोठा डॉक्टर नव्हता, पण मोठा डॉक्टर जिल्ह्याच्या गावी बसत असल्यामुळे सगळे त्यालाच डॉक्टर म्हणायचे. तो समजूतदार माणूस होता, फक्त मोठ्याने बोलायचा.

"आज? का? बाळ मजेत आहे."

"सुई लावा. कळा येतात ना सुईने? त्या दिवशी न्यामोयोला लावली होती."

"न्यामोयोच्या पोटावर शिवण नव्हती. तुझ्या आहे." लुसुंगू पोट कापून झाली होती. त्याने जुन्या व्रणावर बोट टेकवलं. "मुद्दाम कळा आणल्या की त्या अंगात आल्यासारख्या येतात. शिवण उसवली तर? आपसूक आल्या तर उत्तम. नाहीच आल्या, तर पुढच्या आठवड्यात कापून काढू."

"मग आजच कापा."

"आधीच्या तिघी रांगेत आहेत, आणि त्यांना खरंच गरज आहे. तुला कशाची घाई? कुणी बोलावलंय?"

तिवोंगेने छताकडे बघत सांगितलं. चंद्र, बस, सासू. तिने ते इतक्या हळू सांगितलं की म्हांगोला दोनदा "काय?" म्हणावं लागलं. मग तो हसला. वाईट नाही हसला. दुसऱ्याचा त्रास आपल्या हातून सहज मिटणार असं वाटलं की माणूस हसतो तसा हसला.

"बोलाव तिला आत. मी समजावतो."

न्याचिर्वा आली, गुडघे वाकवून नमस्कार केला आणि भिंतीला टेकून जमिनीवर बसली. म्हांगोने तिला चाळीस आठवडे समजावले. कधी कधी बेचाळीसही होतात, हेही समजावलं.

"चाळीस आठवड्यांचे महिने किती, डॉक्टर?"

"दहा म्हणता येतील. पण ते मोजायचे कधीपासून—"

"दहा." न्याचिर्वाने मान हलवली. "आमच्या गाई नऊ चंद्रांत वितात. कुणी चाळीस आठवडे शिकवले नाहीत त्यांना. गाढविणीचं वेगळं असतं म्हणा."

दाराशी उभी असलेली नर्स फिसकन हसली. म्हांगोही हसला, आणि हसण्याच्या भरात त्याने सगळी वाट लावली. पोटावर टेप धरून, आपल्या नेहमीच्या आवाजात, पडदा नसलेल्या खोलीत तो म्हणाला, "घाबरू नका हो आजी. पोट तसं लहानच आहे. मापाने बघितलं तर अजून दोन आठवडे सहज काढेल ही."

तपासणीसाठी बाकावर बसलेल्या सगळ्याजणी एकदम गप्प झाल्या. औषधाने इतकी शांतता तिथे कधी झाली नव्हती.

दुपारपर्यंत शेडमध्ये पोटाचं माप प्रत्येक चुलीवर शिजलं. पलीकडच्या चटईवरची न्यानखोमा, जिचा स्वतःचा नवरा गावातच शिक्षक असल्यामुळे तिला काहीच मोजावं लागत नव्हतं, हात वाळवत म्हणाली, "काय गं न्याकुम्वेंदा, तुझं बाळ सरहद्दीवर अडकलं म्हणतात. कागद नाहीत वाटतं त्याच्याकडे."

"येईल," तिवोंगे म्हणाली.

"येईल तर. पण कुठून, ते विचारतील ना चौकीवर!"

सगळ्या हसल्या. तिवोंगेही हसली. अशा वेळी हसलं नाही तर तेही मोजतात.

न्याचिर्वा हसली नाही. ती उठली, लुगडं घट्ट केलं आणि बाजाराच्या रस्त्याला लागली. उन्हं कलायच्या आत परतली, तेव्हा तिच्या पदराच्या गाठीत मुळीचे काळपट तुकडे होते. शेडमागे, जिथे भांडी घासतात तिथे, तिने छोट्या डेचकीत ते उकळत ठेवले आणि सुनेला हाक मारली.

"हे काय, आई?"

"तुला ठाऊक आहे हे काय ते."

तिवोंगेला ठाऊक होतं. इस्पितळाच्या भिंतीवर त्या मुळीचं चित्र काढून त्यावर लाल फुली मारलेली होती. त्या चित्रामुळेच नव्या मुलींना मुळी ओळखता यायची.

"डॉक्टर म्हणाले, शिवण उसवेल."

"डॉक्टर म्हणाले, अजून दोन आठवडे." न्याचिर्वाने फुंकर घालून जाळ वाढवला. "तेही त्यानेच म्हटलं. सगळ्यांसमोर. उद्या डेपोपर्यंत जाईल ते."



"आई, तुम्हाला काय वाटतं? कुणाचं आहे हे?"

"मला काय वाटतं ते कोण विचारतंय? मी वाटून घेत नाही, मी मोजते." मग जरा खालच्या आवाजात ती म्हणाली, "वायसनचा बाप खाणीवर गेला होता. सासू दाराच्या चौकटीवर कोळशाने रेघा ओढायची. नववी रेघ ओढली तरी माझं पोट तसंच. तेव्हा हेच प्यायले मी. वायसन झाला त्याच रात्री. सासूने रेघा पुसल्या, आणि मेली तोवर मला उलटून बोलली नाही."

"आणि वायसन कुणाचा होता, आई?"

एवढं बोलल्यावर तिवोंगेला वाटलं, आता थोबाडीत बसणार. पण न्याचिर्वाने फक्त डेचकी उतरवली.

"त्याच्या बापाचा. तुझाही वायसनचाच आहे, मला काय दिसत नाही? पण मी एकटी मोजत असते तर बरं झालं असतं, पोरी. तुझा दीर मोजतोय, त्याची बायको मोजतेय. गाई परत आल्या तर त्या कुणाच्या गोठ्यात जातील, याचीही मोजणी झालीय. मी म्हातारी कुणाकुणाची बोटं धरू?"

ती कपात गाळून घेऊ लागली. तिवोंगेने भिंतीला पाठ टेकली. आतला जीव एकदा फिरला, कूस बदलून निजला, घाई नसल्यासारखा. थांबावं. पुढच्या आठवड्यात म्हांगो कापेल, बाळ रडत बाहेर येईल, धडधाकट, आणि आठवड्याभराने जेऱ्यांची बैठक बसेल. त्यात म्हांगोला कुणी बोलावणार नाही. लुसुंगू दिराच्या घरी, कोपऱ्यात, दुसऱ्या पोरांच्या पायांशी निजेल. रात्री हात कुणाच्या कुशीत घालेल? किंवा हे प्यावं. शिवण सहा वर्षं टिकली आहे. कदाचित टिकेल. न्याचिर्वाचं सगळं टिकलं होतं.

"फार कडू आहे का?" तिने विचारलं.

"कडूच असतं."

"साखर आहे?"

न्याचिर्वाकडे चिमूटभर होती, तिने सगळी घातली.

कळा आल्या त्या दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि आल्या त्या एकीवर एक, श्वास घ्यायला फट न ठेवता. नर्स धावली, म्हांगोला हाक गेली. तिवोंगेने खाटेचा लोखंडी गज इतका घट्ट धरला होता की नंतर तिच्या तळव्यावर गंज उमटला. मग पोटात काहीतरी फाटल्यासारखं झालं आणि कळा थांबल्या. एकदम. इतकं हलकं वाटलं की तिने डोळे मिटून आभार मानले. म्हांगो मात्र त्याच क्षणी मोठ्याने ओरडायला लागला.

शुद्धीवर आली तेव्हा तो खाटेशी उभा होता. आवाज हळू होता. तो इतका हळू बोलू शकतो हे तिला माहीत नव्हतं.

"मुलगा होता," तो म्हणाला. "पिशवीही काढावी लागली. तू वाचलीस, हेच फार झालं."

मग तो जरा वाकला.

"काय प्यायली होतीस?"

"चहा."

"कुणी दिला?"

"मीच केला."

दारात न्याचिर्वा उभी होती. म्हांगोने तिच्याकडे बघितलं, मग तिवोंगेकडे. पुढे काही विचारलं असतं तर त्याला आपल्या टेपचीही आठवण काढावी लागली असती. तो कोपऱ्यातल्या नळाशी गेला आणि बराच वेळ हात धूत राहिला.

व्हरांड्यात न्याचिर्वाने लुगड्यात गुंडाळलेलं पोर उघडून बायकांना दाखवलं. "हे कपाळ बघा. हा कान. असा खाली चिकटलेला कान जेऱ्यांशिवाय कुणाचा आहे, सांगा! आणि चंद्र अजून बुडालेला नाही."

"हुबेहूब वायसन," न्यानखोमा म्हणाली. तिच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. "आम्ही कधी काही म्हटलंय का?"

श्वास न घेतलेल्या पोराला गावात ओढ्याकाठी, कुणाच्याच नसलेल्या जमिनीत पुरतात. न्याचिर्वा ऐकेना. दिराशी भांडून, ओरडून, शेवटी दाराशी आडवी पडून तिने त्याला जेऱ्यांच्या गोठ्यामागे जागा मिळवून दिली, घरच्या माणसांच्या रांगेत. पुरुष आले नाहीत, रीत नव्हती. पण कुणी नाही म्हटलं नाही. एवढा मान त्या घरात इतक्या लहान माणसाला कधी मिळाला नव्हता.

जोनीहून वायसनचा फोन आला. "आई म्हणाली, वेळेत झाला."

"हो."

"माझ्यासारखा होता म्हणे."

"हो. कान."

पलीकडे तो थोडा रडला असावा. रस्त्यावरच्या गाड्यांमुळे नीट कळलं नाही. "तू जपून राहा. नाताळाला येतोच आहे. देव पुन्हा देईल."

पिशवीचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तिवोंगेने तोंड उघडलं, तेवढ्यात फोन तुटला. या बाबतीत तिथले फोन फार समजूतदार आहेत.

ती घरी आली त्या दिवशी न्याचिर्वाने कोंबडी कापली. कोंबडीच्या पोटातला पेटा घरच्या कर्त्या पुरुषाचा. वायसन नसला की तो वाटीत झाकून दिराकडे जायचा, आणि सुनेने चुकून तोंडात घातला असता तर तेवढ्यासाठी बैठक बसली असती. न्याचिर्वाने तो तिवोंगेच्या ताटात वाढला. वाढताना, पुरुषापुढे टेकतात तसे, तिने दोन्ही गुडघे जमिनीला टेकले.

"खा," ती म्हणाली. "आता तुझ्याकडे बोट दाखवायची कुणाची छाती नाही."

लुसुंगू आईला चिकटून बसली होती. तिने आजवर कुठल्याही बाईला तो खाताना पाहिलं नव्हतं. आईचा जबडा हलताना ती तोंड उघडं टाकून बघत राहिली.

"कसा लागतो गं?"

तिवोंगे चावत होती. चिवट असतो तो. लवकर गिळता येत नाही.

"चांगला शिजलाय," ती म्हणाली.