बाणाच्या कुळातला धोटा

मी धोटा बोलतोय. भिवंडीत मात्र मला सगळे ‘शटल’च म्हणतात. होडीच्या आकाराचं कठीण लाकूड, दोन्ही टोकांना पोलादी टोप्या, पोटात सुताची कांडी आणि कुशीला एक बारीक भोक, एवढाच माझा ऐवज. १९८६ साली मुख्तारशेठच्या यंत्रमाग कारखान्यात आलो आणि लूमच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत धावू लागलो.

कांडी संपली की कारागीर नवी बसवायचा आणि भोकाला बाहेरून ओठ लावून सुताचं टोक सुर्रकन ओढून घ्यायचा. दिवसा अय्यूबचे ओठ, दुसऱ्या शिफ्टला मोरूचे. या जवळिकीचा मला अभिमान वाटे.

मग मोरूला टी.बी. निघाला. तो अंजूरला घरी गेला. महिन्याभरात अय्यूबही खोकू लागला. बायको खदीजा हात धुऊन मागे लागली, तेव्हा कुठे त्याने छातीचा फोटो काढून घेतला, थुंकी तपासून घेतली. रिपोर्ट मात्र भीतीपोटी दोन दिवस पिशवीतच. माझी टोपी ढिली झाली होती, म्हणून दुरुस्तीसाठी मीही त्याच पिशवीत.

तिसऱ्या दिवशी खदीजाने नवऱ्याला पिशवीसकट समोरच्या प्रभाकरभाऊंकडे नेलं. भाऊ कचेरीत कारकून. गल्लीत इंग्रजी कागद आला की तो त्यांच्याच चष्म्याखालून जायचा.

“वाचा भाऊ. जे असेल ते मोठ्यानं वाचा.”

भाऊंनी दोनदा वाचलं. “भाभी, टी.बी. नाही. धुळीचा खोकला आहे.”

खदीजाने दुवेसाठी हात उचलले. “शुकर है!” आणि लगेच नवऱ्याकडे वळून, “दोन दिवस माझा जीव टांगणीला लावलात!”

चहा आला. भाऊंनी मला उचलून विचारलं, “हे कसं चालतं हो?” अय्यूबने खुशीत ओठ लावून दाखवलं. भाऊंचा कप हातातच राहिला.

“मोरूही असंच करायचा? ह्याच शटलला?”

अय्यूबने मान डोलावली. अवघडले की डिक्शनरी उघडायची, ही भाऊंची खोड. “शटल. मूळ अर्थ, बाण. पुढे मागातला धोटा. त्याच्या ये-जा करण्यावरून मग फेऱ्या मारणारी गाडी, बॅडमिंटनचं फूल, आता तर आकाशात जाऊन परतणारं यानसुद्धा!”

एवढे नातलग ऐकून मी फुलून गेलो. खदीजाने मात्र पहिलाच अर्थ धरला. “यान-बिन राहू द्या. बाणाला कुणी तोंड लावतं?”

तिने केसातला आकडा काढला, सरळ केला, टोक वळवलं. “उद्यापासून सूत यानं ओढायचं.”

“शेठ म्हणेल, टाइम जातो.”

“शेठला म्हणावं, मोरूचा किती टाइम गेला ते आधी विचारा!”

शेठ दोन दिवस कुरकुरला. मग त्यानेच प्रत्येक लूमला तारेचा आकडा टांगला. वर्षाने मोरू बरा होऊन आला. सवयीने त्याने मला तोंडाशी नेलं, तर अय्यूब ओरडला, “अरे, आकडा हाय ना!”

आता १९९८ चालू आहे. नव्या मागांना शटल लागत नाही म्हणे. झिजल्यावर अय्यूबने मला भाऊंना दिलं; आता मी त्यांच्या टेबलावर डायरीचे कागद उडू नयेत म्हणून बसलेला असतो. धावपळ संपली याचं दुःख नाही. बाणाच्या कुळात जन्मलो, पण अय्यूबला लागलो नाही, हे समाधान मोठं आहे. माझे भाऊबंद अजून कुठे धावत असतील, तर त्यांना ओठांपासून लांब ठेवा.

खदीजाचा आकडा अजून माझ्या भोकात आहे. भाऊ तो काढू देत नाहीत.