आळीतल्या क्रूसापाशी

आमच्या वसईतल्या गावात मे महिन्यात संध्याकाळची रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, आपापल्या आळीतल्या क्रूसापाशी होते. यंदा नवे धर्मगुरू फादर फ्लॉईड चर्चच्या पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत म्हणाले, "सगळ्या आळ्यांनी चर्चमध्येच एकत्र यावं. पंखे आहेत, माईक आहे. कोणाची हरकत?"

"चालेल, फादर," आम्ही सगळे म्हणालो. फादरांना तोंडावर नाही म्हणायची आमच्याकडे रीत नाही.

पहिल्या संध्याकाळी चर्चमध्ये पंखे तेवढे फिरत होते.

फादर रागावले नाहीत, याचंच मला नवल वाटलं. "सर, लोक हो म्हणाले आणि आले नाहीत. असं का?"

मी निवृत्त शिक्षक. उत्तरं पुस्तकांत शोधायची सवय. हे कुठल्या पुस्तकात असणार? "चौकशी करून सांगतो," मी पुटपुटलो.

"नको. चला, जाऊनच पाहू."

आमच्या आळीतल्या क्रूसापाशी मर्लिनबाई टोपातले उकडलेले चणे ढवळत होत्या. रोझरीनंतर वाटायचे. आम्हाला पाहून त्या दचकल्या. "आमी तुमचं आयकलं नाय, फादर. बोला काय ते."

फादर पायरीवर बसले आणि टोपाकडे बघत राहिले. मी उगाच चष्मा पुसत राहिलो.

शेवटी बाईच बोलल्या. "माझा पोरगा गॉडफ्रे वाडीच्या वाटणीपासून माझ्या दारात पाय ठेवत नाय. पन क्रूस सगल्यांचा. आज चण्यांची पाली माझी, तरी तो येल. इथले चणे कोन नाकारत नाय. चर्चात तो त्या बाजूला बसंल, मी ह्या बाजूला. मंग झालंच."

एवढ्यात गॉडफ्रेची स्कूटर वळणावर आली आणि फादरांचा पांढरा झगा पाहून तिथेच थांबली. समेट घडवायला फादर लगबगीने उठले. मर्लिनबाईंनी त्यांच्या हातात चण्यांची वाटी कोंबली.

"फादर, तुमी पयले खा. आनि गप बसा."

फादर बसले आणि खाऊ लागले. थोड्या वेळाने स्कूटर बंद झाल्याचा आवाज आला.

माणसं जमली, रोझरी झाली. गॉडफ्रेने ओंजळ पुढे केली. आईने त्याच्याकडे न बघता चणे घातले.

"मीठ कमी हाय," तो म्हणाला.

"तुजा बाप पन हेच बोलायचा."

फादरांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग त्यात चणे टाकले.