दुधीवर रोखलेली काठी

मी एक जुनी काठी आहे. मोडलेली, आता दीड हाताची. मित्रांनो, माझी गोष्टही तेवढीच.

आधी मी वल्हं होते. रेवदंड्याच्या खाडीत होडी खडकावर फुटली, तेव्हा मीही मोडले. हिरामण कोळ्याने मला तासलं, तेल पाजलं आणि स्वतःचा धंदाही बदलला. मुंबईहून आगबोट आली की तो पाहुण्यांना फिरंग्यांचं पडकं शहर दाखवी. तो बोले, मी दाखवी.

उजवीकडे पाहा. तट. इथे डोकी उडाली.

डावीकडे पाहा. चर्च. इथे वेदीपुढे तिघे कापले.

खरं किती, मला ठाऊक नाही. हिरामण दर फेरीला एक माणूस जास्त मारी. प्रत्येक मुडद्यामागे मला भिंतीवर आपटी. बायका किंचाळत, पुरुष टाळ्या वाजवत. "काय काठी आहे!" म्हणत. मला आपटणं आवडू लागलं होतं.

समोर पाहा.

१९३१ सालचा कार्तिक. चर्चच्या पडक्या भिंतीवर तिथेच वाडी करणाऱ्या शिवदासने दुधीचा वेल चढवला होता. पहिलीच कोवळी फळं. कोवळ्या फळाला बोट दाखवलं की ते कुजतं, हे आमच्याकडे पोरंही जाणतात. दाखवायचंच तर बोट मुडपून दाखवतात. शिवदासची बायको नीराबाई वेलाला पाणी घालत होती. तिला आठवा महिना होता.

भिंतीवरचं कोरीवकाम दाखवायला हिरामणने मला उचललं. माझं टोक दुधीवर गेलं. मग, पाहुणे हसावेत म्हणून, नीराबाईच्या पोटावर.

"आणि ही इथली राणीसाहेब! आत युवराज हाय!"

"ए हिरामण! कोवळ्याला दाखवू नको!" शिवदास ओरडला.

"काठी म्हंजे बोट न्हाय, शिवदासभाऊ."

पाहुणे हसले.

चौथ्या दिवशी सगळे दुधी कुजले. फळमाशीनेही कुजतात, पण ते कोण ऐकणार? पाचव्या दिवशी सकाळी नीराबाई म्हणाली, "पोर हालत न्हाय."

शिवदास धावत धक्क्यावर आला. हिरामण नव्या पाहुण्यांपुढे उभा होता. शिवदासने मला हिसकावलं.

पहिला घाव खांद्यावर. दुसरा कानावर, कान फाटला. माझ्या अंगावर गरम रक्त आलं. हिरामणने उजवा हात आडवा धरला.

कट्.

हाड की मी? दोघंही.

एका पाहुण्याने टाळ्या वाजवल्या. त्याला हाही खेळच वाटला.

शिवदासने माझ्या उरलेल्या अर्ध्या तुकड्याचं चिरफाळलेलं टोक हिरामणच्या डोळ्यावर रोखलं. तेवढ्यात मागून नीराबाई आली, पोट धरून, धापा टाकत.

"थांबा! हाललं! आत्ता हाललं!"

शिवदासचा हात हवेतच राहिला.

हिरामण चिखलात बसला होता. डाव्या हाताने कानाचं रक्त पुसून म्हणाला, "खरंच हाललं, वहिनी?"

"व्हय."

"माझ्या मार खाण्यानं हालतं म्हाईत असतं, तर मी मार कालच खाल्ला असता."

कुणी हसलं नाही. शिवदास खाली बसला आणि हिरामणचा लोंबणारा हात स्वतःच्या मुंडाशाने बांधू लागला. त्याच्याकडून गाठ बसेना.

तो हात वाकडाच जुळला.

मित्रांनो, मला तेल नको, कौतुक नको. कुणाला माणूस दाखवायचा असेल, तर आधी त्याच्या शेजारी जाऊन उभे राहा, त्याचं नाव विचारा. आणि तुमच्या हातात माझ्यासारखी कुणी असेल, तर तिचं टोक जमिनीकडे ठेवा.