निवायचं नाही

काळी वडी, कडेचा टवका उडालेली. चिमट्याचा लोखंडी खणखणाट. सकाळी कामावर यायला उशीर करणारा, मोशीच्या चौकातला न सुटणारा सिग्नल. योगिनीची आई इंदुताई नेहमी म्हणते : "राग आला की गटागटा पाणी पी."

वडी योगिनीच्या मुठीत आहे – अतिवाहकाची, गोठवली की विजेला अजिबात न अडवणारी आणि चुंबक हवेत तरंगवणारी. मघाशी तिने ती द्रव नायट्रोजनमध्ये बुडवली, वर चुंबक सोडलं – ते बोटभर उंच तरंगायला हवं होतं, पाहुणे मोबाइल उगारून वाकले होते – आणि चुंबक टक्कन वडीवर बसलं. बसूनच राहिलं.

"मॅडमची पावडर कच्ची दिसते," गिअरच्या या शेडचे मालक जयदीपसर हसले. मग तिच्याकडे वळून, हळूच : "उद्यापासून गिअर तपासायला बसा. हे तरंगणं-बिरंगणं पुरे."

कच्ची? खलात घोटून घोटून मनगट सुजलं, दाबली, भाजली, फोडून पुन्हा घोटली, पुन्हा दाबली, पुन्हा भाजली... आणि शेवटी मागितलं ते एवढंच, की आत प्राणवायू चालू ठेवा, भट्टी आपोआप उतरू द्या, मध्ये उघडू नका. कारण ही वडी निवता निवता प्राणवायू पिते, आणि तहानलेलीच निवली तर नुसती खापरी, विजेला अडवणारी. पण भोसरीतल्या या शेडला निववणं माहीतच नाही – गिअर लाल काढा, तेलात बुडवा, चर्र, पुढचा माल!

पाहुणे चहाला गेल्यावर भट्टीवाले दत्तोबा जवळ आले.

"पोरी, लालभडक व्हती, फटदिशी काढली म्या. गिअर असंच काढतो आमी."

"मी नको म्हटलं होतं ना? कुणाला विचारून काढलीत?"

ते हातमोज्याचं जळकं बोट चिवडत राहिले. त्यांच्यावर ओरडावं – सोपं आहे ते, म्हातारा ऐकून घेईल, सगळे ऐकून घेतात, मीसुद्धा आत्ता हसत हसत ऐकून घेतलंच की...

"पाणी देऊ का?" दत्तोबा म्हणाले.

"नको."

वडी मेलेली नाही. पुन्हा तापवून, प्राणवायूत सावकाश उतरवली तर अजून जागी होईल. त्यासाठी भट्टी मागावी लागेल, त्याच जयदीपसरांच्या केबिनमध्ये जाऊन. मूठ आवळली तसा टवक्याचा काठ तळहातात रुतला. नाही आई, पाणी नको. आजवर प्रत्येक वेळी मी झटकन थंड झाले आणि आतून तडकले. हा राग उतरेल तेव्हा उतरेल, त्याला कुणी मध्येच बाहेर काढायचं नाही – मीही नाही.

सकाळी भट्टी उघडण्याआधी दत्तोबांनी जयदीपसरांना फोन केला होता, सर म्हणाले होते, "काढा, गिअर खोळंबलेत."