बिडाची जलपर्णी

हावड्याच्या बाजूला नदीकाठी फिरायला नवा रस्ता होणार होता आणि त्या रस्त्याखालच्या गटारांना साठ गोल झाकणं लागणार होती. ती मी करावीत असं चारुदत्त सबनीसांच्या मनात आलं. सबनीस या कामाचे मुख्य आर्किटेक्ट, नागपूरहून बदलीवर कोलकात्याला आलेले. मराठी मंडळाच्या गणपतीत आमची ओळख झाली तेव्हा त्यांनी विचारलं होतं की तुम्ही नेमकं डिझाइन कशाचं करता. मी म्हटलं, ज्यांच्याकडे कुणी बघत नाही अशा वस्तूंचं. बसमधले धरायचे दांडे, शाळेतली बाकं, नळाच्या चाव्या. ते हसले, आणि दोन महिन्यांनी त्यांचा फोन आला.

मी कादंबरी पेंढारकर, वय बेचाळीस. जन्म इथलाच, शाळाही इथलीच. फक्त डिझाइन शिकायला पाच वर्षं बाहेर होते. नावावरून सगळे मला बंगालीच समजतात, आणि बाजारात मी आईशी मराठीत बोलायला लागले की मासळीवाली हातातलं काम थांबवून बघते. मी माझ्या कामात चांगली आहे. हे सांगताना मला संकोच वाटत नाही. आमच्या गल्लीतला मिठाईवाला आपला संदेश शहरात पहिल्या नंबरचा आहे असं रोज सांगतो, मग मीच मान खाली का घालावी?

तरी या झाकणांनी मला चांगलंच झुलवलं.

सबनीसांच्या वरिष्ठांना झाकणावर शहराची ओळख हवी होती. ओळख म्हटली की इथे तीन गोष्टी पुढे येतात: पूल, ट्राम आणि पिवळी टॅक्सी. मी तिन्ही काढल्या. त्यातला पूल उत्तम जमला. रेषा ठसठशीत, तिरक्या लोखंडी तुळयांची जाळी अशी बसवली होती की पाय घसरू नये. सबनीसांना तो पाहताक्षणी आवडला. मला मात्र आवडेना, आणि का आवडत नाही तेही सांगता येईना. त्यांनी खोदून विचारलं तेव्हा मी एवढंच म्हणाले की मला आणखी पंधरा दिवस द्या. त्यांनी दिले.

सुचत नसलं की टेबलाशी बसून राहण्यात अर्थ नसतो, हे मी वीस वर्षांत शिकले आहे. कुणी फिरायला जातं, कुणी पुस्तकं चाळतं. मी जात्रा बघते.

जात्रा म्हणजे आपली देवाची जत्रा नव्हे. हे बंगालचं लोकनाट्य. मोकळ्या जागेत मधोमध मंच, सभोवती प्रेक्षक, भडक पोशाख, लांबलचक संवाद, विषाचे पेले, कपटी दीर आणि शेवटी न्याय. माझे बाबा, श्रीधर पेंढारकर, गार्डन रीचला रेल्वेत इंजिनिअर होते. दर हिवाळ्यात कॉलनीच्या मैदानावर जात्रा यायची. आईला तिचं वावडं. ओरडणं म्हणजे अभिनय नव्हे, असं तिचं म्हणणं होतं आणि आजही आहे. बाबा तिच्याशी वाद घालत नसत. ते माझ्या डोक्यावर कानटोपी चढवत, आणि आम्ही दोघं सगळ्यांच्या आधी जाऊन सतरंजीवर पुढची जागा धरत असू.

कॉलेजात मी ही आवड लपवली. तिथे सगळे परदेशी सिनेमांबद्दल बोलत आणि मी मान डोलवत असे. पुढे एका मासिकाने मुलाखत घेतली. तुमचं आवडतं मनोरंजन कोणतं, या प्रश्नाला मी असं काही उत्तर दिलं की वाचणाऱ्याला वाटावं ही बाई वर्षभर सिनेमहोत्सवांतच राहते. बाबांनी ती मुलाखत चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली आणि विचारलं, "यात जात्रा कुठे आहे?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच वाटलं होतं की छापताना काही गळलं असावं. त्या दिवसापासून मी कुणीही विचारलं तरी खरं सांगते. बाबा गेले त्याला आता सहा वर्षं झाली.

माणसाला मनापासून जे आवडतं त्यातूनच त्याचं काम येतं, असं मला वाटतं. चारचौघांत सांगण्यासाठी म्हणून जी आवड आपण बाळगतो, तिच्यातून फार तर गप्पा निघतात.

तर मी चितपूरला गेले. जात्रा कंपन्यांच्या कचेऱ्या त्याच रस्त्यावर आहेत, आणि पावसाळा संपत आला की वरच्या मजल्यांवर दुपारच्या तालमी सुरू होतात. तिथे प्रेमलतादी असतात. वय साठीच्या पुढे. पूर्वी नायिका करत, मग खलनायिका, आता आई आणि राजमाता. काही वर्षांपूर्वी मी त्यांना पोशाखांसाठी एक पेटी करून दिली होती. चिखलातून ओढली तरी कलंडत नाही, अशी. तेव्हापासून तालमीच्या खोलीत खिडकीजवळची खुर्ची माझी.

त्या दिवशी त्या पल्लवी नावाच्या नव्या नटीला एक प्रवेश शिकवत होत्या. मुलाला वनवासाला पाठवणारी आई, मोठं भाषण, शेवटी रडणं. पल्लवी चांगली करत होती. मला तर गलबलून आलं. पण प्रेमलतादींनी तिला तिसऱ्यांदा थांबवलं.

"तुझ्या मागे काय आहे?" त्यांनी विचारलं.

पल्लवीने वळून पाहिलं. म्हणाली, "भिंत आहे, दीदी."

"आज भिंत आहे. दुर्गापूजेनंतर तिथे तीनशे माणसं बसतील. त्यांनी काय तुझी वेणी बघायला तिकीट काढलंय? आपल्या मंचाला मागची बाजू नसते. जो जिथे बसलाय तिथे त्याला वाटलं पाहिजे की ही माझ्याकडे तोंड करूनच रडतेय."

मग त्यांनी स्वतः करून दाखवलं. अर्धं वाक्य एका बाजूला, पदर सावरताना पाव वळण, पुढचं वाक्य दुसरीकडे, कोसळता कोसळता तिसरीकडे. वळणं कुठे होती ते दिसलंच नाही. हे मी सात वर्षांची असल्यापासून बघत आले होते, पण हे मुद्दाम केलेलं काम आहे, त्यामागे हिशेब आहे, हे त्या दिवशी प्रथमच माझ्या लक्षात आलं. आणि माझ्या पुलाचं काय बिनसलंय तेही कळलं. माझ्या पुलाला मागची बाजू होती. नदीकाठच्या रस्त्यावर माणसं दोन्हीकडून चालणार, घाटाच्या पायऱ्या चढून येणार, चहाच्या टपरीकडून येणार. त्यातल्या एकालाच पूल सरळ दिसणार. बाकीच्यांना टोकावर उभा, नाहीतर उलटा.

मी लगेच उठून मात्र गेले नाही. तालीम रंगात आली होती, ती संपेपर्यंत बसले.

संध्याकाळी अहिरीटोल्याहून हावड्याला जाणाऱ्या लाँचमध्ये चढले. भरतीची वेळ होती. नदीत जलपर्णीचे पुंजके तरंगत होते. सकाळी समुद्राकडे वाहत गेलेले, आता पाणी उलटल्यामुळे वर बागबाजारकडे निघालेले, जाता जाता स्वतःभोवती सावकाश फिरणारे. नदीवरून जाणारा प्रत्येक माणूस ते रोज बघतो आणि कुणी बघत नाही. पुंजक्याला वर नव्हतं, खाली नव्हतं. मी लाँचच्या कठड्याला टेकून पर्समधल्या एका लिफाफ्यावर पहिलं चित्र काढलं: मधून बाहेर फिरत जाणारी जाड पानं आणि त्यांच्या देठांचे फुगे. बिडाच्या झाकणावर पाय घसरू नये म्हणून उंचवटे लागतातच. ते काम हे फुगे करणार होते.

चित्र एका संध्याकाळचं, सबनीसांना ते मुदतीत दाखवलंही, पण झाकण व्हायला दोन महिने लागले. ओतकाम हावड्यातच, ऋषभ सुराणा यांच्या फाउंड्रीत. ऋषभ मारवाडी, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, आणि नवं काही करायला एका पायावर तयार. त्याच्याकडे निमाईबाबू लाकडी नमुने कोरतात. तो नमुना वाळूत दाबून काढायचा आणि उरलेल्या खळग्यात वितळलेलं बीड ओतायचं, अशी ही रीत. निमाईबाबूंनी माझं चित्र पाहून पहिल्याच दिवशी नापसंतीने च्च केलं होतं. पानांच्या कडा फार उभ्या आहेत, असं त्यांचं मत. मी ऐकलं नाही. पहिलं झाकण बाहेर आलं तेव्हा पानं भज्यांसारखी दिसत होती. नमुना उचलताना कडांशी वाळू ढासळली होती.

निमाईबाबूंनी मला टोमणा मारला नाही. त्यांनी मला वाळूपाशी बसवलं, नमुना माझ्या हातात दिला आणि उचलायला सांगितलं. चार वेळा उचलला, चारही वेळा वाळू ढासळली. मग त्यांनी एका पानाची कड पटाशीने तिरकी केली आणि म्हणाले, "आता उचल." पान अलगद सुटून आलं. त्यानंतर मी प्रत्येक पानाला उतार दिला. चित्र थोडं बोथट झालं आणि झाकण जास्त चांगलं झालं. तिसऱ्या ओतकामात पानं हवी तशी आली. हात फिरवला तर देठाचे फुगे तळव्याला लागत होते.

त्याच आठवड्यात सबनीस फाउंड्रीत आले. चेहऱ्यावरूनच कळत होतं की बातमी बरी नाही. वरिष्ठांनी जुनी चित्रं पाहिली होती आणि पूल नक्की केला होता.

"माझ्या हातात आता फारसं काही नाही, कादंबरीताई," ते म्हणाले. "पानं सुंदर आहेत, पण त्यांना काहीतरी ओळखीचं हवंय."

मला हे अपेक्षितच होतं. म्हणूनच मी ऋषभकडून पुलाचंही एक झाकण ओतून घेतलं होतं. दोन्ही झाकणं अंगणात जमिनीवर शेजारी शेजारी ठेवली होती. मी सबनीसांना म्हटलं, निर्णय काय घ्यायचा तो घ्या, पण आधी या दोन झाकणांभोवती एक फेरी मारा. ते भिडस्त आहेत, त्यांनी मारली. पहिल्या बाजूने पूल पाहून त्यांनी समाधानाने मान हलवली. पाव फेरीनंतर पूल टोकावर उभा दिसू लागला. पलीकडे पोचल्यावर ते थांबले.

"इथून पूल नदीत पडल्यासारखा दिसतो," ते हळूच म्हणाले.

"आणि पानं?"

ते पुन्हा एक फेरी चालले, या वेळी फक्त पानांकडे बघत. "पानं पानंच आहेत," ते म्हणाले. मग त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि दोन्ही झाकणांचे चारी बाजूंनी फोटो घेतले. आपलं काम नीट बोलत असलं की आपण गप्प राहावं.

सबनीसांनी ते फोटो बैठकीत मांडले. दोन बैठकांनंतर निकाल लागला: पन्नास झाकणं पानांची, आणि प्रवेशाजवळची दहा पुलाची. मला राग आला. एक दिवस मी ऋषभच्या फोनलाही उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी वाटलं, दहा पूल माझ्या हातून जायचेच असतील तर ते या शहरातले सगळ्यात चांगले पूल असले पाहिजेत. मी जाळी पुन्हा आखली, कडांना उतार दिला आणि निमाईबाबूंना खूश करून सोडलं. रस्ता खुला झाला. लोक येऊ लागले. फोटो सगळे पुलांचे काढतात, पायाशी कॅमेरा धरून, चप्पल चित्रात येईल अशा बेताने. पानांवरून सरळ चालत जातात. मला दोन्ही चालतं.

परवा सकाळी मी तिकडे गेले होते. पुढच्या टप्प्यासाठी आणखी चाळीस झाकणं हवी आहेत, म्हणून मोजमापं घ्यायची होती. एक सफाई कामगार झाकणं उचलून खालचा गाळ काढत होता. त्याने पुलाचं झाकण आकड्याने उचललं, गाळ काढला आणि झाकण जसं हाताला आलं तसं परत बसवलं. पूल आता चहाच्या टपरीकडे निघाला होता. आधी साफ केलेले दोन पूल आणखी कुठेतरी तोंड करून होते. मी मनातल्या मनात सबनीसांना हाक मारली.

मग तो पानांच्या झाकणापाशी आला आणि पुटपुटायला लागला. काय झालं म्हणून मी विचारलं. झाकण मी केलंय हे त्याला ठाऊक नव्हतं, त्यामुळे तो मोकळेपणाने बोलला. आकडा घालायची खाच पानांत कुठे लपलीय ते सापडत नाही, प्रत्येक झाकणाला गुडघ्यावर बसून बोटांनी चाचपावं लागतं, आणि ज्याने कुणी हे बनवलं त्याने आयुष्यात एकही झाकण उचललेलं नसणार, असं त्याचं म्हणणं होतं.

मी त्याच्याकडून आकडा मागून घेतला आणि खाली बसले. माझीच खाच मला सापडायला दोन मिनिटं लागली. तो शेजारी उभा राहून शांतपणे बघत होता. तो बरोबर होता. मी मनात इतकी माणसं झाकणाभोवती चालवली, पण त्यात झाकणापाशी थांबणारा माणूस धरला नव्हता. मी त्याला सांगितलं की झाकण माझंच आहे आणि पुढची चाळीस अशी नसतील. त्याने माझ्याकडे नीट पाहून घेतलं. मग खाच नेमकी केवढी हवी ते आकडा आडवा धरून दाखवलं.

तिथून मी तडक फाउंड्रीत गेले. निमाईबाबूंना म्हटलं, खाचेच्या दोन्ही बाजूंची पानं काढायची आहेत, बोटभर जागा मोकळी ठेवायची, म्हणजे लांबूनही दिसेल. त्यांनी नमुना फळीवर घेतला, चष्मा पुसला आणि कोणतं पान आधी, एवढंच विचारलं.