शहात्तर टोल

डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा बाबाराव साळवे घरी जायला मिळतंय म्हणून खूश झाले. त्यांची मुलगी हेमलता मात्र हट्टाला पेटली. पप्पांना काही झालेलं नाही, जराशी कमजोरी आहे, असं ती साऱ्या गोहलपुरात सांगत सुटली होती. चर्चचे पाळकसाहेब प्रभूभोजनाची भाकर आणि द्राक्षरस घेऊन येतो म्हणाले, तर त्यांनाही तिने दारातूनच परतवलं. पाळक घरात आले म्हणजे पप्पा जाणार, अशी तिची पक्की समजूत.

मे महिन्याचं ऊन. गाडीतून स्ट्रेचर उतरवताना बाबारावांनी चादर तोंडावर ओढून घेतली. घरासमोरच चर्च, आणि तिथे घंटा वाजवायचं काम शैलेंद्रकडे. कुणी गेलं की वयाच्या वर्षांइतके टोल द्यायचे, ही तिथली रीत. त्या बिचाऱ्याने चादर पाहिली, डोळे पुसले आणि धावत जाऊन दोर धरला.

बाबाराव पलंगावर टेकतात तोच टोल सुरू झाले.

"कोण गेलं वं हेमा?" म्हणत ते मोजू लागले. शहात्तरावर घंटा थांबली, आणि थोड्याच वेळात अर्धी मंडळी दारात हजर. सगळ्यांत पुढे शैलेंद्र, हातात हार.

बाबाराव उशीला टेकून बसले. "काहून बे शैलेंद्र? मी अठ्ठ्याहत्तरचा हाओ ना! दोन टोल कुठी गेले?"

"माफ करा काकाजी, गलती हो गई," शैलेंद्र कसाबसा बोलला. मंडळीत हसू फुटलं. हेमलताला मात्र रडू फुटलं.

"पप्पा, असं नका बोलू. तुमी कुठीच नाही जाऊन राहिले!"

बाबारावांनी तिचा हात धरला. "जाऊन राहिलो, बेटा. पण अंधारात नाही जाऊन राहिलो. प्रभू हाय तिथं, तुही माय हाय. मले भेव नाही वाटत. तूच दार लावून बसली, म्हणून जीव अडकला माहा."

हेमलताने डोळे पुसले आणि गर्दीत मागे उभ्या असलेल्या पाळकांना म्हणाली, "या ना आत." टेबलावर पांढरं कापड तिनेच अंथरलं. भाकर मोडली, गाणी झाली. सूर चुकला म्हणून बाबारावांनी दोघांना झापलंसुद्धा.

निघताना शैलेंद्रला ते म्हणाले, "शहात्तर तर झाले. त्या दिवशी दोनच दे. एवढ्या उन्हात काहून दमतं?"

अकराव्या दिवशी सकाळी, चहाचे दोन घोट घेऊन, हेमलताच्या हातात हात ठेवून ते गेले. पहाटेच त्यांनी तिला प्रार्थना म्हणायला लावली होती, आणि तिने ती न अडखळता म्हटली होती.

ती उठली, रस्ता ओलांडून चर्चमध्ये गेली आणि शैलेंद्रकडून दोर मागून घेतला. दोन टोल दिले आणि थांबली.

"बस, दीदी?"

"बस. बाकीचे पप्पांनी ऐकले हायत."

बाबारावांच्या दोन टोलांची गोष्ट एव्हाना गावभर झाली होती. दुकानं उघडणारी माणसं तेवढ्यावरच काय ते समजली आणि साळव्यांकडे निघाली. दार सताड उघडं होतं.